दोन बटणांचं एक वर्ष

गाव सोडलं तेव्हा मी रडले नाही. आमच्याकडं पोरी सासरी जाताना रडतात. शिकायला जाताना कसं वागायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं, कारण आमच्या आळीतून त्याआधी कुणी शिकायला गेलंच नव्हतं. औरंगाबादची पाटी लावलेली एस्टी फाट्यावर वळली आणि लगेच थांबली. रस्त्यात मेंढरं होती. आमचीच. माझे वडील, आप्पा, त्या वेळेला मुद्दाम तिथं आले होते का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. आप्पांनी खिडकीकडं बघितलं, पण हात हलवला नाही. एका हातात काठी होती आणि दुसऱ्यानं खांद्यावरचं लंगडं कोकरू धरलं होतं. तोंडानं एकच आवाज काढला, हुर्रर्र, आणि सगळा कळप डाव्या अंगाला झाला. एस्टी निघाली.

पुढं सुभाषभाऊचं ऑनलाइन सेंटर लागलं. शटर अर्धं वर, आत निळ्या खुर्चीत तो. दुकान दिसेनासं होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहिले. डोळ्यात आलेलं पाणी तिथंच आटलं. मी निघाले होते, पण एक वर्ष उशिरा. आणि ते वर्ष त्या दुकानात गेलं होतं.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघांनाही ते वर्ष ज्या दिवशी गेलं तो दिवस अर्धाच माहीत आहे. म्हणून पूर्ण सांगते.

बारावीला मला चांगले मार्क पडले. कॉलेज आणि हॉस्टेलचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि तालुक्याच्या सोयगावच्या अलीकडं कॉम्प्युटर एकच, आमच्या गावातल्या सुभाषभाऊचा. शेवटची तारीख होती. दुकानात दोन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ज्यांचं रान मोठं, त्यांची पोरं आत खुर्चीवर. बाकीचे बाहेर उन्हात. आप्पा आणि मी सकाळपासून उभे. मधून येणारे थेट आत जायचे. एकदा आप्पा उंबऱ्यापर्यंत गेले तर आतूनच आवाज आला, "ओ मेंढरंवाले, बाहेर थांबा जरा. वास येतोय."

आमचा नंबर लागला तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. सुभाषभाऊ एका बोटानं टाइप करायचा. एक रकाना भरला की हात उचलायचा, माऊस शोधायचा, पुढच्या रकान्यात टिचकी मारायची, परत हात कीबोर्डवर. मला वाटलं, असंच असतं. फॉर्म जवळजवळ भरत आला आणि नावात एक अक्षर चुकलेलं मला दिसलं. मी सांगितलं. त्यानं खोडायला एक बटण दाबलं आणि पानच गेलं. मागचं कोरं पान समोर आलं. त्यानं स्क्रीनकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"सर्व्हर गेलं."

"भाऊ, आज शेवटची तारीख हाय," आप्पा म्हणाले.

"मग पुढच्या वर्षी या. तवर मेंढरं काय पळून चालली का?"

खुर्चीवरचे हसले. आप्पा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, शेवटचं मेंढरू आत आल्याबिगर वाडग्याचं तोंड लावत नसतेत."

"हे वाडगं नाय आप्पा, सर्व्हर हाय," असं म्हणून त्यानं शटर ओढलं.

माय वर्षभर त्या सर्व्हरला शिव्या देत होती. तिला तो तालुक्याचा कुणीतरी साहेब वाटायचा. "त्या सर्व्हरला लेकीबाळी नसतील का गं?" असं विचारायची. मी कापूस वेचला, मेंढरं वळली आणि माझ्याबरोबरच्या, माझ्याहून कमी मार्कांच्या पोरी सुट्टीत नवे कपडे घालून आल्या की बांधाच्या पलीकडून बघितल्या. पुढच्या वर्षी सोयगावला जाऊन माझा फॉर्म मी स्वतः भरला. बीकॉम झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी मोठेपणानं सांगते, कारण ते मोठंच आहे.

नोकरी लागली चितेगावला, एका कंपनीच्या डिस्पॅच ऑफिसात. औरंगाबादलाच रेल्वे स्टेशनजवळ खोली घेतली. सकाळी कंपनीच्या बसनं पैठण रोडला लागायचं. माल निघाला की त्याची माहिती ग्राहकाच्या पोर्टलवर भरायची, हे माझं काम. मीसुद्धा सुभाषभाऊसारखीच भरायचे. हात उचल, माऊस धर, टिचकी मार. गाड्या गेटवर खोळंबायच्या. पोरं म्हणायची, "सविता मॅडमची बैलगाडी निघाली का?"

माझ्या शेजारी शमीम बाजी बसायच्या. टायपिंग मशीनवर शिकलेल्या, रिटायर व्हायला आलेल्या. एका सकाळी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरचा माऊस उपसला आणि स्वतःच्या डब्याच्या पिशवीत टाकला.

"बाजी, काम कसं करू?"

"आठ दिन ये मेरे पास रहेगा. हात नक्को उठाव गे. हात उठा कि टाइम गया."

पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांना मायच्या शिव्या दिल्या. मग टॅबनं पुढच्या रकान्यात जायला शिकले, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागं यायला शिकले. जिल्ह्याच्या यादीत वरून खाली खरडत जायचं नाही, पहिलं अक्षर दाबायचं. औरंगाबादला तेव्हा ए, आता नाव बदलल्यावर सी. चौकोनात खूण करायला स्पेस. चुकलं तर कंट्रोल झेड. कंट्रोल ए नं सगळं एकदम निवडलं गेलं तेव्हा मला आप्पांचं हुर्रर्र आठवलं आणि हसू आलं. एका आवाजात कळप वळवणाऱ्याची लेक मी, आणि एकेका मेंढराला हातानं ढकलत बसले होते.

पाचव्या दिवशी ते झालं. लांबलचक फॉर्म भरत आलेला. एक अक्षर खोडायला मी बॅकस्पेस दाबलं, पण कर्सर रकान्याच्या बाहेर होता. पान गेलं. मागचं कोरं पान समोर आलं.

मी ते पान ओळखलं. तसंच पान, तसंच जाणं.

"सर्व्हर गेलं, बाजी."

"सर्व्हर कायकू जाता? तेरी उंगली गई." बाजींनी मान वळवूनही बघितलं नाही. "पुराना ब्राउजर है ये. बाहर बॅकस्पेस मारे तो पीछे जाता. आल्ट पकड, सीधे हात का तीर दबा."

आल्ट धरलं, उजवा बाण दाबला. पान परत आलं. नाव, पत्ता, आकडे, सगळं जागच्या जागी. बाजी म्हणाल्या, नेहमीच येतं असं नाही, पण बहुतेक येतं. मी त्यांना परत करून दाखवायला लावलं. मग स्वतः केलं. तीनदा केलं. त्यांनी विचारलं, "क्या हुआ गे, रो रही?" मी रडत नव्हते. मी दात खात होते.

सर्व्हर गेलंच नव्हतं. त्याचं बोट चुकलं होतं. आणि दोन बटणं दाबली असती तर माझं वर्ष तिथंच, त्या स्क्रीनवर, परत आलं असतं.

त्यानंतर मी जशी शिकले तशी कॉलेजातही शिकले नव्हते. बसमध्ये डब्याच्या झाकणावर बोटं चालवायचे. माऊस बाजींनी आठव्या दिवशी परत दिला, मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. वर्षभरात गेटवरच्या गाड्या माझ्यासाठी थांबायच्या बंद झाल्या आणि बैलगाडी म्हणणारी पोरं "मॅडम, हे कसं केलं?" विचारायला खुर्ची ओढून बसू लागली. लोक म्हणतात, रागानं माणूस बिघडतो. मी रागावर शिकले, आणि चांगली शिकले.

परवाच्या जूनमध्ये मी रजा काढली. फॉर्मच्या शेवटच्या तारखेची, तीच मुद्दाम. सुभाषभाऊच्या दुकानासमोर पिठाच्या गिरणीचा ओटा आहे. तिथं लॅपटॉप मांडला, फोनचं नेट जोडलं आणि आप्पांना शेजारी बसवलं. त्याच्या दारातली रांग अर्ध्या दिवसात माझ्याकडं सरकली. पोरं नुसती माझी बोटं बघत होती. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तू बघत बी नाय अन् भरतीस बी!" मला ऐकायचं होतं ते समोरच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती बोलली.

दुपारनंतर सुभाषभाऊचं नेट खरंच गेलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, सर्व्हर गेलं का?" सगळे हसले. मीही हसले, पोटभर.

मग तो आला. मागं त्याची पोरगी पल्लवी, हातात बारावीचं मार्कशीट. तिनं मोबाईलवर भरून पाहिलं होतं, फोटो चढत नव्हता.

"सविता, तेवढं आमच्या पोरीचं बघ बाई."

"नंबर लावा, भाऊ."

तो उन्हात उभा राहिला. मी मान वर न करता म्हणाले, "आणि भाऊ, आमचे आप्पा सकाळपासून ओट्यावर बसलेत. तुमच्या दुकानातली एक खुर्ची आणता का?"

त्यानं आणली. स्वतः उचलून आणली, सगळ्यांसमोर. आप्पा अवघडून बसले. मला ते बघताना किती बरं वाटलं हे लिहायची लाज वाटत नाही.

त्याचा नंबर लागला तेव्हा साडेपाच झाले होते. सहाला पोर्टल बंद. मी त्याच्याकडं बघितलं आणि कितीतरी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य सोडलं.

"सर्व्हर गेलं, भाऊ."

त्याचा चेहरा पडला. पण माझी नजर गेली पल्लवीवर. ती मार्कशीट छातीशी धरून उभी होती. त्या दिवशी मी तशीच उभी होते.

तरी मी हललेच असते असं नाही. खरं सांगते. आप्पा बोलले.

"सवे, शेवटचं मेंढरू बाहेर हाय."

मला आप्पांचा इतका राग कधी आला नव्हता. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, तेच त्या खुर्चीत बसून मला वाडग्याचं तोंड उघड म्हणत होते.

"बस गं," मी पल्लवीला म्हणाले. "मी भरणार नाही. तू भर. माऊस नाही. टॅब दाब." सुभाषभाऊला ओट्यावर चढू दिलं नाही, तो खालूनच बघत होता. पोरगी हुशार होती. शेवटाला तिचा तळवा टचपॅडवर घसरला आणि पान मागं गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"काही गेलं नाही. आल्ट धर, उजवा बाण."

पान परत आलं. मी तिच्या बापाकडं वळले. "त्या दिवशी सर्व्हर गेलं नव्हतं, भाऊ. तुमचं बोट चुकलं होतं. इतकंच करायचं होतं."

"मला कुठं माहीत होतं गं."

"मलाही नव्हतं. मी शिकले. बोट चुकलं ते माफ. 'मेंढरं पळून चालली का' म्हणालात, ते माफ नाही."

गिरणी तेव्हा बंद होती. सगळ्यांनी ऐकलं, पल्लवीनंही. सहाला दहा कमी असताना तिनं स्वतःच्या बोटानं फॉर्म पाठवला.

मला लोक विचारतात, आता घर कुठलं? शहरात माझी खोली आहे, नळाला पाणी येतं, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण महिन्यातून एकदा मी एस्टीत बसते, आणि आळीत शिरले की आधी आमच्या दाराकडं बघते. तिथं ती निळी खुर्ची असते. त्या संध्याकाळी आप्पा ती परत न्यायला उचलत होते, मी नेऊ दिली नाही. सुभाषभाऊनं अजून मागितलेली नाही. आप्पा म्हणतात, "दुसऱ्याची वस्तू हाय, देऊन टाक." मी म्हणते, "मागायला येऊ दे." तोवर मी तिच्यात बसते, पाय पसरते आणि मेंढरं परत यायची वाट बघते.