जाळ्याबाहेरच्या चार ओळी

आधीच सांगते, या लेखात नकाशा नाही आणि तळ्याचं नावही नाही. रस्ता, खाणं, खर्च सगळं लिहिते. तेवढं एक सोडून.

मी मुळात संशयी बाई. दुधाच्या मापापासून हवामानाच्या अंदाजापर्यंत माझा कशावरच विश्वास नसतो, असं घरचे म्हणतात. त्यातून पक्षी बघायचा नाद. आमच्या पक्षीगटातला विनायक तीन हिवाळे पट्टकादंबांचे फोटो टाकत होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात. जागा विचारली की हा पठ्ठ्या नुसता हसरा चेहरा पाठवायचा. याला एकट्यालाच मिरवायचंय, अशी माझी खात्री होती. मग मी त्याच्या फोटोंच्या मागचं बघायला लागले. एकात पांढऱ्या घुमटाचं छोटं देऊळ होतं आणि शेजारी शिंदीची दोन झाडं. उपग्रहाच्या नकाशावर चार रात्री डोळे फोडले आणि आळंद तालुक्यात तळं सापडलं.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पाचला उमरग्याहून स्कूटी काढली. टाकी आधीच भरून घ्या, आतल्या रस्त्यांना पंप लवकर दिसत नाही. कर्नाटकची हद्द लागली की पाट्यांची लिपी बदलते, बोलणं मात्र कुठं मराठी तर कुठं कानडी, दोन्ही चालतं. गतिरोधकांवर पांढरे पट्टे नाहीत, तेव्हा जपून. उजाडता उजाडता तारेवर नीलपंख दिसला, पुढं बाभळीवर खाटीक पक्षी, आणि तुरीच्या कापलेल्या रानावर शिकार शोधत तरंगत जाणारा भोवत्या. आळंदला चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीभजी खाल्ली, चहासकट पन्नास रुपये. हॉटेलवाल्यानं गळ्यातली दुर्बीण बघून विचारलं, सोलरसाठी जमीन बघायला आलात का? नाही म्हटलं, तर त्याला ते पटलं नाही.

वाटेत लागलेल्या पहिल्या तळ्यावर चक्रवाकांची जोडी, शेकाटे आणि काळ्या वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा दिसला. तासभर मजेत गेला. हे तळं सोपं आहे, रस्त्यालगतच आहे. पण माझं चित्त पुढच्या, विनायकच्या फोटोतल्या तळ्यावर होतं.

देऊळ दिसलं, शिंदीची झाडंही. बांधाच्या तोंडाशी धोतर-टोपीतला एक माणूस वाट अडवून उभा राहिला. साठीचा असेल. नाव नंतर कळलं, मल्लप्पा. माझ्या हातातल्या वहीकडं बघून म्हणाला, "काय मोजायलाव अक्का?"

"पक्षी."

"पक्षी कामून मोजायचे? हिथं काय बी न्हाई. धरणावर जावा, लई पाखरं हायत."

तो हे सांगत असतानाच त्याच्या मागून हंसांचा आवाज येत होता. माझा संशय तिथंच पक्का झाला. बरं म्हटलं, स्कूटी वळवली आणि देवळाच्या मागून बांधावर चढले.

खाली पाण्याच्या कडेनं निळी जाळी ताणलेली होती, काठ्यांना बांधून, कमरेएवढी उंच. जाळीच्या आत हिरवागार हरभरा. जाळीच्या बाहेर, पाण्याकडच्या अंगाला, हरभऱ्याच्याच चार ओळी उघड्या, आणि त्यात साठ-सत्तर पट्टकादंब चरत होते. इतक्या वर्षांनी दिसलेले हंस, पण मला दिसली ती जाळी आणि ते आमिष. फोटो काढला, गटात टाकला, नकाशावरची खूण जोडली आणि वर लिहिलं, "पक्षी पकडायचा धंदा?"

मग जाब विचारायला खाली उतरले. मल्लप्पाही मागोमाग आले. मल्लप्पांच्या बायको, शरणम्मा, ओल्या हरभऱ्याचे ढाळे उपटत होत्या. मी कडक आवाजात जाळ्याचं विचारलं. त्यांनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग सरळ सांगून टाकलं. पाणी ओसरलं की तळ्याचा गाळ उघडा पडतो, त्यात हे सासऱ्याच्या काळापासून पेरतात. गाळपेर. कागदावर ती जमीन यांची नाही, सरकारची आहे. म्हणून वही घेतलेलं माणूस दिसलं की बांधावरूनच परत धाडतात. जाळी मासेमारीची, जुनी, हंसांनी सगळं खाऊ नये म्हणून लावलेली.

"आणि बाहेरच्या चार ओळी?"

"त्या त्यांच्याच की," शरणम्मा म्हणाल्या. "लांबून येत्यात. उपाशी कसं ठिवायचं?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. विनायक होता. एवढंच म्हणाला, "ते आधी काढ. मी तीन वर्षं जागा का सांगत नव्हतो, कळलं का आता?" मी तिथल्या तिथं गटातून फोटो काढून टाकला. तोवर अकरा जणांनी बघितला होता.

हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. उलट त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी जेवले. शरणम्मांना नवऱ्याबरोबर एक फोटो हवा होता. पीक दिसू नये म्हणून मल्लप्पांनी देवळाकडं पाठ करून उभं राहायचं ठरवलं. तो पाठवायला नंबर घेतला. निघताना त्यांनी ढाळ्यांची पेंढी स्कूटीला बांधून दिली. तोंड बंद ठेवायला देतायत का, असंही क्षणभर मनात आलं. सवय जात नाही.

दिवसभरात बेचाळीस जातींचे पक्षी, पेट्रोल धरून साडेतीनशे रुपये. अंधार पडायच्या आत घरी.

गुरुवारी मल्लप्पांचा फोन आला. दोन माणसं येऊन टेपनं गाळ मोजून गेली, पुढच्या साली पेरू नका म्हणाली. "अक्का, तुमी फोटो धाडलाव का कुणाला?"

खोटं बोलता आलं असतं. पाठवला होता, पण लगेच काढून टाकला, असं सांगितलं.

ते म्हणाले, "काढल्यावर जातंय का ओ ते?"

विनायक म्हणतो, मोजणी तशीही होणारच असेल. असेल. पण त्या अकरा जणांची नावं मी रोज मनात घोळवते, आणि दरवेळी शेवटी बारावं नाव माझंच येतं.

हंसांचा एक फोटो परवा गटात टाकला, मागचं देऊळ कापून. एका नव्या मुलीनं लगेच विचारलं, "ताई, जागा कुठली?"

मी हसरा चेहरा पाठवला. हिला एकटीलाच मिरवायचंय, असं तिला नक्की वाटलं असणार.