साळूबाईला कुणी बोलावलं

फुलंब्रीच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत मेंढरं राखणाऱ्यांची पंधरा-वीस घरं होती. त्या वस्तीत साळूबाईला सगळे भिऊन असायचे. दर मंगळवारी तिच्या अंगात यायचं. केस मोकळे सुटायचे, डोळे पांढरे व्हायचे आणि घोगऱ्या, बाप्यासारख्या आवाजात ती कुणाला कशाची बाधा झाली ते सांगायची.

अंगात कुणीच येत नाही, हे साळूबाईला पक्कं ठाऊक होतं. नवरा मेला तेव्हा दिरानं तिची मेंढरं हाकून नेली. त्या रागात ती एकदा घुमायला लागली, आणि दिरानं घाबरून मेंढरं परत आणून सोडली. तेव्हापासून तिनं ते सोडलं नाही.

आणखी एकीला हे कळलं होतं. शेजारची बानाबाई, तीही विधवाच. साळूबाई बाभळीआड उभी राहून आवाज घोगरा करून बघत होती, ते तिनं पाहिलं. साळूबाईकडं बघून ती नुसती हसली.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला चारेक वर्षं झाली असतील. त्या साली वस्तीतली मेंढरं तोंडाला फेस येऊन मरू लागली. वस्तीचा म्होरक्या कारभारी साळूबाईपुढं येऊन बसला.

"आई, कुणाची नजर लागली, सांग."

घुमता घुमता साळूबाईनं बोट उचललं आणि बानाबाईवर रोखलं.

दिवस मावळायच्या आत बानाबाईचं खोपट पेटलं. कपाळाला दगड लागला होता, तिथं पदर दाबून ती वस्तीबाहेर गेली. कुठं गेली, कुणी विचारलं नाही. दोन दिवसांनी मेंढरं मरायची आपोआप थांबली, आणि साळूबाईचा मान आणखीच वाढला.

अशी तीन वर्षं गेली. चैत्रातल्या एका टळटळीत दुपारी ती माळावर मेंढरांमागं उभी होती. वारा पडलेला. अचानक पाठीमागून, अगदी खांद्याजवळून हाक आली.

"साळू."

आवाज बाईचा नव्हता आणि बाप्याचाही म्हणता येईना. ती वळली. मागं कुणी नव्हतं. चरणाऱ्या साऱ्या मेंढरांनी मात्र माना वर केल्या होत्या आणि सगळी एकटक तिच्या खांद्यामागं बघत होती.

भर दुपारची हाक तीनदा ऐकल्याशिवाय तिला ओ देऊ नये, असं तिच्या आईनं सांगून ठेवलेलं. तिनं ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तीच हाक. कुत्रं भुंकलं नाही, पोट जमिनीला टेकवून पडून राहिलं.

तिसऱ्या दिवशी तिनं मेंढरं सोडलीच नाहीत. दार लावून कणगीआड अंधारात बसली. हाक घरात आली.

"साळू, बानाबाई कुठं हाय?"

"मला काय ठाव?" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. मंगळवारचाच घोगरा आवाज होता तो. तिनं मुद्दाम काढला नव्हता. पुन्हा बोलून पाहिलं, तरी तोच. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती औरंगाबादेला निघाली. शहागंजात घोंगड्या विकायला बसणाऱ्या एका बाईला, तो आवाज फुटू नये म्हणून कुजबुजत, बानाबाईबद्दल विचारलं. कपाळावर वण असलेली एक विधवा छावणी भागातल्या चर्चच्या आवारात राहते, असं तिनं सांगितलं.

बानाबाई तिथं ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"बाने," साळूबाई म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता. "तीन दिस तूच हाक मारत व्हतीस का?"

"मी? तीन वर्षांत तुझं नाव तोंडातून काढलं नाय मी."

चर्चचे पाळक त्रिंबकराव तिथंच होते. साळूबाईनं सगळं सांगितलं, बाभळीपासून कणगीपर्यंत. सांगून झाल्यावर म्हणाली, "ही हाक भुताची असंल तर सांगा, बाबा. मी उतारा करते."

पाळकांनी तिला ओसरीवर बसवलं. मग म्हणाले, "भूत कशाला विचारंल, तुझी शेजारीण कुठं हाय म्हणून? येशूनं बोलावलेली माणसं बघ. एक जकात घेणारा, एक त्याला वळखत नाय म्हणणारा. एक तर त्याच्याच माणसांना बांधून नेणारा."

"मी तर देवाचं नाव घेऊन खोटं बोलले."

"मग आता खरं बोलायला बोलावलं असंल."

बानाबाईनं सूप पुन्हा उचललं. "आधी वस्तीवर जाऊन बोल म्हणावं तिला," ती पाळकांना म्हणाली.

पुढच्या मंगळवारी माणसं जमली. साळूबाई केस बांधून बसली. "आजवर माझ्या अंगात कुणीच आलं नाय. मीच बोलत व्हते. बानाबाईनं कायबी केलं नव्हतं."

 मग कारभाऱ्यानं पुढं होऊन तिच्या पायांवर डोकं टेकलं. त्याच्यामागं दुसरा, मग बायका. तिच्या अंगात आता आलेला हा नवा देव आधीच्यापेक्षा कडक आहे, असं त्यांना वाटलं.

"उठा," ती म्हणाली. "मी साळू हाय, नुसती साळू." ती जितकं सांगत गेली, तितकी माणसं खाली वाकत गेली. शेवटी ती त्यांच्यामधूनच वाट काढत निघून गेली.

दोन वर्षांनी छावणीत तिचा बाप्तिस्मा झाला. वाचायला ती कधीच शिकली नाही. तंबाखू सुटली नाही, तोंडही फटकळच राहिलं. पण कुठल्या गावात एखादीला भुताळी ठरवलंय असं कळलं की ती पायी जायची आणि त्या बाईच्या उंबऱ्यावर बसून राहायची. दगड घेऊन आलेल्यांना सांगायची, "मीबी असंच एकीवर बोट रोखलं व्हतं. कसं रोखतात ते मला पुसा." दोनदा तिचा हात मोडला. पाच बाया तिनं जित्या छावणीत आणल्या.

बानाबाईनं तिला माफ केलं का, हे कुणालाच नीट कळलं नाही. पंधरा वर्षं दोघी एकाच खोलीत राहिल्या, बोलणं कामापुरतंच. साळूबाई गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला बायका जमल्या. बानाबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. बराच वेळ आतून बोलण्याचा आवाज येत होता. बाहेरच्या बायका म्हणत, आवाज दोघींचा होता.