शिव्यांचं अनुपान

भागीबायच्या छपरावर मी पहिला दगड मारला, तेव्हा आवाजच झाला नाही. छप्पर पेंढ्याचं होतं. दगड त्यात रुतला आणि तिथेच राहिला. मागे करवंदीच्या जाळीत लपलेल्या पोशा कारभाऱ्यानं हलक्या आवाजात सांगितलं, “सायेब, कौलं नायत तिथं. दुसरीकडं मारा.”

मी सरकारी नोकर होतो. हिवतापाचा इन्स्पेक्टर. ऑफिस मुरबाडला आणि ड्यूटी वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे कोयनेल अजून मुबलक मिळत होतं. क्विनीनला तेव्हा सगळे कोयनेलच म्हणत. अशा जबाबदार माणसानं भर दुपारी एका विधवा बाईच्या घरावर दगड का मारावेत, हे नीट सांगायला हवं.

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता सगळी वाडी तापानं आडवी झाली. घरटी एक तरी माणूस घोंगडीखाली कुडकुडत होता. खाली शेतात भात पिवळं पडायला लागलेलं. ते वेळेत कापलं नाही तर दाणा झडून मातीत जातो, आणि मग वर्षभर खायचं काय? विळा धरून उभी राहतील अशी माणसं वाडीत फारशी उरली नव्हती. माझ्याजवळ कोयनेलच्या गोळ्यांची भरलेली बरणी होती. गोळ्या पोटात गेल्या असत्या तर वाडी कापणीपुरती नक्की उठली असती. त्या पोटात जात नव्हत्या, एवढीच अडचण होती.

कोयनेल भयंकर कडू. शिवाय त्यानं कानात दिवसभर रातकिडे ओरडतात. लोक माझ्यासमोर गोळी तोंडात टाकत, वर पाणी पीत, हात जोडत आणि माझी पाठ वळली की चुलीतल्या राखेत थुंकत. मी रोज पानथऱ्या तपासायचो. पानथरी म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव. हिवतापात तो सुजतो आणि हाताला लागतो. वाडीतल्या पानथऱ्या काही केल्या हलेनात. माझे वरिष्ठ, म्हणजे आमचे डॉक्टरसाहेब, यांनी निरोप पाठवला होता, “इन्स्पेक्शनला येतोय. बरणी भरलेली दिसली तर तुम्ही घरचा रस्ता धरा.” माझी नोकरी टेंपररी होती. पण खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा त्या उभ्या भाताकडे बघवत नव्हतं.

अशात मलाच ताप आला.

माझ्याकडे सरकारी मच्छरदाणी होती. ती मी डेमॉन्स्ट्रेशनसाठी पोशाच्या पडवीत टांगली होती. दिवसा लोक आळीपाळीनं आत बसून बाहेर बघत आणि रात्री तिच्यात पोशाची नातवंडं झोपत. ती काढून घ्यायचा मला धीर झाला नाही. परिणाम व्हायचा तो झाला. एका दुपारी मला अशी हुडहुडी भरली की खाट जमिनीवर वाजू लागली. अख्खी वाडी बघायला जमली. ज्यांना स्वतःला ताप होता तेही घोंगडी पांघरून आले.

“डाससायेबांना डास चावला गो,” एक बाई कौतुकानं म्हणाली.

“तुमी कोयनेल घेता ना, सायेब?” पोशानं विचारलं. पोशा वाडीचा कारभारी. त्याचा शब्द वाडीत चालायचा.

“आजपासून घेतो,” मी दात वाजवत म्हणालो.

“मंग आदी काय करत व्हता?”

मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

हा ताप पाळीचा असतो. आज आला की उद्या माणूस चालता-फिरता, परवा ठरल्या वेळी पुन्हा खाटेवर. माझ्या दोन पाळ्या झाल्या. तिसरीच्या दिवशी सकाळी पोशा येऊन बसला.

“सायेब, आज पाळी चुकवायची.”

“कोयनेल चालू आहे, पोशा.”

“ते असूं द्या. शिव्या खायला लागतात.”

त्यानं समजावून सांगितलं. पाळीची वेळ व्हायच्या आधी दुसऱ्याच्या घरावर दगड मारायचा. घरधनी संतापून बाहेर येतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. त्या शिव्या तापाला लागतात आणि ताप पळतो. अट एकच, शिवी खऱ्या रागाची हवी. मागून घेतलेली शिवी लागू पडत नाही. आणि वाडीत भागीबायच्या तोंडाला तोड नव्हती.

“तुम्हीच का नाही करत मग?” मी विचारलं.

“आमची समद्यांची तोंडं तिला पाठ हायत. ताप आल्यालं मानूस दिसलं की ती नुसती हसते.”

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात पोशा म्हणाला, “तुमी आमचं औषिद घ्या. आमी तुमचं घेताव.”

“थुंकणार नाही?”

“नाय. माजा शबुद.”

म्हणून मी दगड उचलला. पहिला पेंढ्यात गेला. दुसरा अंगणातल्या कोंबडीच्या पुढ्यात पडला. तिनं केवढा गिल्ला केला. भागीबाय कमरेला पदर खोचून बाहेर आली. मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम नरम झाला.

“कोंबडी पायजे का, सायेब? मंग दगूड कशाला? मी धरून देतंय.”

आमच्या आधी येऊन गेलेल्या साहेबलोकांची ही पुण्याई. तापाच्या दोन्ही पाळ्यांत मला पेज तिनंच पाठवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाळीची वेळ जवळ येत होती आणि पोशाचा शब्द माझ्या हातातल्या दगडावर लटकला होता. मी डोळे मिटले आणि तिसरा दगड तिच्या पाण्याच्या मडक्यावर घातला. मडकं फुटलं, पाणी अंगणभर झालं.

“जाऊं द्या, सायेब,” भागीबाय मायेनं म्हणाली. “जुनंच व्हतं. तापात मानसाला सुदरत नाय.”

“मिस्टर कर्णिक!”

मागे डॉक्टरसाहेब उभे होते. वैशाखऱ्यापर्यंत मोटार, पुढे चढ पायी, डोक्यावर सोला टोपी, तोंड लालबुंद. आपला इन्स्पेक्टर म्हातारीचं मडकं फोडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. मग त्यांनी जे सुरू केलं ते आधी इंग्रजीत, मग मराठीत आणि दम लागल्यावर दोन्हींत मिळून होतं. गाढव, ईडियट, बेअकली, खात्याला काळिमा. करवंदीच्या जाळीतून एकेक डोकं वर येऊ लागलं. पोशाच्या चेहऱ्यावर मी इतका आदर कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी मला ताप आला नाही.

चार दिवसांचं कोयनेल माझ्या पोटात होतं, त्याचा तो गुण. हे मी पोशाला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, “मोठं सायेब अजून किती दिस हायत?”

डॉक्टरसाहेबांचा मुक्काम कापणी तोंडावर येईपर्यंत वैशाखऱ्याच्या बंगल्यात होता. मी पोशाला बाजूला घेतलं. “साहेबांच्या शिव्या रिकाम्या पोटी लागत नाहीत. आधी गोळी गिळायची, तोंड उघडून मला दाखवायचं, मग पुढं जायचं.”

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. साहेब रोज वर वाडीत येऊन डासाचं मोठं चित्र दाखवत लेक्चर देत. ताप डासामुळे येतो, वाईट हवेमुळे नाही. मग पहिला माणूस गोळी गिळे, मला तोंड दाखवी आणि साहेबांपुढे जाऊन गरीब चेहऱ्यानं विचारी, “सायेब, ताप कशानं येतो म्हनालात?”

साहेब सांगत. दुसरा माणूस तेच विचारी. तिसऱ्याला साहेबांचा आवाज चढे. पाचव्या-सहाव्यापासून पुढच्या सगळ्यांना शिव्या मिळत. म्हणून रांगेत पहिलं उभं राहायला कुणी तयार नसे. शेवटी मी नंबर रोज बदलून द्यायला लागलो.

“कर्णिक, ही माणसं अगदी मठ्ठ आहेत,” साहेब घाम पुसत म्हणाले. “पण औषध घेतात हं.”

“हो सर,” मी म्हणालो.

बरणी रिकामी झाली. पानथऱ्या उतरल्या. भाताचा दाणा झडायच्या आत वाडी विळे घेऊन शेतात उतरली, आणि खळ्यावर भात आलं तेव्हा माझे डोळे भरून आले. साहेबांनी रिपोर्टमध्ये माझी शिफारस केली. माझी नोकरी पक्की झाली आणि बदली शहापूरकडे, सापगावला झाली.

निघताना मी मुरबाडच्या कुंभाराकडून नवं मडकं आणलं आणि भागीबायच्या ओट्यावर ठेवलं. ती बाहेर आली. मडक्याकडे बघितलं, माझ्या बांधलेल्या वळकटीकडे बघितलं, आणि तिचं तोंड सुटलं.

“मडकं देऊन फेडतोस व्हय रे, मेल्या? मागितलं व्हतं का मी? तुजं तोंड जळो, तुजा मुडदा बशिवला तो, खायला-प्यायला घातलं ते काय इकत दिलं व्हतं? चालता हो हितनं!”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं मला साहेब म्हटलं नव्हतं. ओढा ओलांडेपर्यंत तिचा आवाज येत होता.

सापगावात डास वाडीपेक्षा जास्त होते. तिथे मी होतो तोवर मला एकदाही ताप आला नाही. मी कोयनेल वेळच्या वेळी घेत होतो, हे इथे मुद्दाम नमूद करतो. औषधानंच रोग बरा होतो. फक्त ते पोटात जायला लागतं, आणि ते कशाबरोबर जाईल हे कुठल्याही बरणीवर छापलेलं नसतं.