मेनूथच्या स्वयंपाकघरातला लंडनचा मंत्री

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये विद्यापीठाचं ग्रंथालय बंद झालं आणि माझी पीएचडी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडली. आयर्लंडमधल्या मेनूथ गावी या म्हाताऱ्या विधवा बाईंकडे मी खोली घेऊन राहत होते. माझा विषय होता ब्रिटिश सरकारमधलं एक मंत्रिपद. आधी ते आयर्लंडसारख्या डोमिनियन, म्हणजे राजाच्या छत्राखालच्या स्वायत्त देशांशी व्यवहार बघायचं. भारत स्वतंत्र झाला त्या वर्षी त्याचं नाव बदलून ‘राष्ट्रकुल संबंध’ झालं आणि आपणही त्याच खात्यात जमा झालो.

“असल्या लोकांचा इतिहास कशाला लिहायचा?” बाईंनी विचारलं. मी समजावलं, त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी माझे कप त्यांच्या कपाटातून बाहेर ओट्यावर आले. माझी पुस्तकं त्या कोपराने सरकवायला लागल्या.

सप्टेंबरात रेडिओवर बातमी आली: ते खातं पूर्वी ज्यात मिसळलं होतं ते परराष्ट्र खातंही आता दुसऱ्या खात्यात विलीन, पुन्हा नवं नाव. बाई माझ्याकडे वळल्या.

“आम्ही त्यांच्या राष्ट्रकुलातून उठून आलो. तुम्ही बसून राहिलात. शिकलेले नोकर!”

माझं डोकं फिरलं. “आम्ही बसलो ते प्रजासत्ताक म्हणून, राजाशी निष्ठेची शपथ न घेता. आणि तुम्ही उठलात खरे, पण तुमची कामं नंतरही कित्येक वर्षं त्याच मंत्र्याकडे होती. लंडनने तुम्हाला परदेशसुद्धा मानलं नाही.”

बाईंचा थोरला भाऊ, परदेशी मानत नसल्यामुळेच, बिनपरवाना इंग्लंडात रस्ते खणायला गेला होता, तिकडेच वारला.

“माझ्या घरात बसून मला माझा देश शिकवतेस? महिनाअखेरीस खोली रिकामी कर.”

“आजच करते.”

मी डब्लिनजवळ डून लेरीला डॉक्टर मैत्रिणीकडे गेले. ती ड्युटीवरून दमून आली होती. “एका मेलेल्या मंत्र्यापायी घर घालवलंस?” ती ओरडली.

“मेला असता तर बाई एवढ्या भडकल्या असत्या का?”

पुढच्या उन्हाळ्यात ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला मेनूथला गेले, तेव्हा बाई रस्त्यात समोर आल्या. मास्कवरच्या डोळ्यांनी मला ओळखलं आणि त्या पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. मीही हाक मारली नाही.

माझ्या प्रबंधातलं आयर्लंडवरचं प्रकरण वाचून मार्गदर्शक सरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, “हे कोणाशी भांडत लिहिलंयस?”

“घरमालकिणीशी.”

ते हसले, मी नाही. त्यांच्या सांगण्यावरून त्यातली तिखट विशेषणं काढली. परदेश न मानल्याचा परिच्छेद मात्र तसाच ठेवला.