काकूंचा आकडा

आमच्या खोलीत साठ टेबलं आहेत आणि साठही टेबलांवर एकच काम: माणूस पोटासाठी काय करतो ते वाचायचं आणि त्याला आकडा द्यायचा. जनगणनेचे फॉर्म गठ्ठ्यांनी येतात. नावाची बाजू दुमडून टाचलेली असते, समोर उरते ती व्यवसायाची ओळ. कुणी लिहितं ‘ड्रायव्हर’, कुणी ‘पडेल ते’, एकाने लिहिलं होतं ‘विचारू नका’. आपण जाडजूड यादी उघडायची, आकडा शोधायचा, चौकटीत लिहायचा, की पुढचा फॉर्म. दिवसाला चारशे. दुपारनंतर मान आखडते, अंगठ्यावरच्या रबरी टोपीखाली घाम साचतो, आणि घरी जाताना समोरून येणारा माणूस मला माणूस वाटतच नाही, तीन आकडी संख्या वाटते.

त्या यादीला आम्ही ठोकळा म्हणतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना तो तोंडपाठ, म्हणून ते कोशकाका. ही त्यांची तिसरी जनगणना. मधल्या वर्षांत लहानसहान पाहण्या चालूच असतात, त्यामुळे त्यांचा हात असा कधी थांबलाच नाही. मी चाळिशी ओलांडली तरी त्यांच्या लेखी पोरच. काम त्यांनीच शिकवलं आणि शिकवताना जीव नकोसा केला. एकदा एका फॉर्मवर नुसतं ‘मदत’ असं आलं. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसापुढे ‘किराणा दुकान’ लिहिलेलं.

मी म्हटलं, "दुकानातच मदत असणार, काका. लावू आकडा?"

"तू बघायला गेली होतीस?"

"नाही, पण..."

"मग अंदाज करायचा नाही. लिहिलंय तेवढंच वाचायचं. तीन नऊ दे."

तीन नऊ म्हणजे नऊशे नव्याण्णव, ‘व्यवसाय समजला नाही’. ज्यांचं काहीच लागत नाही ते सगळे तिथे. एकदा दिलेला फॉर्म घरच्यांना बदलता येत नाही आणि आम्ही वाढवून वाचला तर नोकरी जाते. तरी बाकीचे थोडा कानाडोळा करतात. कोशकाका नाही. मला तेव्हा त्यांचा मनापासून राग आला होता.

त्यांच्या घरी माझं जाणंयेणं आहे ते काकूंमुळे. काकू रफू करतात. उंदराने कुरतडलेली शाल असो नाहीतर सिगारेटने जळलेला कोट, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढायचे आणि भोक विणून काढायचं. खिडकीपाशी खुर्ची, पायाशी कपड्यांची पिशवी, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर भिंग. चाळीस वर्षं. आणि त्यांना कुणी शिंपीण म्हटलं की त्यांचं टाळकं फिरतं.

"दोन मोजण्यांपूर्वी ‘शिवणकाम’ लिहिलं," त्या मला सांगत होत्या. "गेल्या वेळी तर ‘घरकाम’! मी घरी नव्हते, कपडे पोचवायला गेले होते. परत येऊन बघते तर चाळीस वर्षं भांडी घासलीत मी."

यंदा मोजणी लागली तेव्हा त्यांनी काकांना बजावलं. डॉक्टरांनी सांगितलंय, बारीक काम फार तर दोन वर्षं. म्हणजे पुढच्या मोजणीत त्यांच्यापुढे लिहायला काही उरणार नाही. "यंदाचं शेवटचं. एवढं एक नीट लिहा." चाळीस वर्षांत नवऱ्याकडे त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला तरी माहीत नाही. काकांनी हे मला चहाच्या वेळी दोनदा सांगितलं, जसं काही मी विसरेन.

गेल्या महिन्यात, जेवणानंतरच्या त्या मेल्या वेळात, माझ्या गठ्ठ्यातून एक फॉर्म निघाला. घरातल्या दोन्ही माणसांच्या व्यवसायाच्या ओळींत शब्दच नव्हते. वर एक आकडा आणि त्याखाली ‘७१५’. मला आधी वाटलं आमच्यापैकीच कुणीतरी चुकून त्या ओळीत लिहिलं. मग सातवर नजर गेली. असा खाली शेपटी ओढलेला सात या खोलीत एकच माणूस काढतो.

मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मोजणीवाली दारात आली तेव्हा घामाघूम झाली होती," ते हळूच म्हणाले. "म्हणाली, काका, तुम्ही आमच्यातलेच, तुम्हीच भरा. मी नुकताच ऑफिसातून आलेलो. चारशे फॉर्म करून."

पुढचं सांगायची गरज नव्हती. डोळ्यांनी ‘रफू’ बघायचं आणि हाताने सातशे पंधरा लिहायचं, वीस वर्षांची सवय. स्वतःपुढेही आकडाच लिहिला होता. आणि दोन्ही जुन्या ठोकळ्यातले. नवा ठोकळा त्यानंतर आला. त्यात सातशे पंधरा म्हणजे खाणीत सुरुंग लावणारे.

"मी रफूचा नवा आकडा लावते," मी म्हटलं. "मला माहितीये ना हे काय आहे."

"तुला माहितीये. फॉर्मवर नाहीये."

"काका, आता हट्ट पुरे!"

"त्या मदतवाल्याला काय दिलं होतं आपण?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लिही, पोरी. दोघांनाही."

मी दोन्ही चौकटींत तीन-तीन नऊ लिहिले. ते पुढच्या फॉर्मकडे वळले, पण संध्याकाळपर्यंत त्यांचा गठ्ठा अर्धासुद्धा संपला नव्हता. असा दिवस त्यांचा मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या रविवारी माझा कोट घेऊन मी काकूंकडे गेले. कोपरावर खिळ्याने फाटला होता. काका बाहेर गेले होते. काकूंनी माझ्यापुढे सुई धरली. "ओव जरा. आता ओवायलाही दुसऱ्याचे डोळे लागतात." मग खाली बघतच म्हणाल्या, "हे म्हणाले, माझं बरोबर लागलं."

"हो," मी म्हटलं.

"तूसुद्धा? त्यांना खोटं बोलता येत नाही आणि तुला तर त्याहूनही नाही. पुन्हा घरकाम का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. मोजणीवाली, दार, आकडा, सुरुंग, तीन नऊ. सुरुंगापाशी त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. कोट मांडीवर ओढून घेतला त्यांनी. मला वाटलं, कशाला बोललो आपण.

"म्हणजे लिहिलं होतं त्यांनी," काकू म्हणाल्या.

"हो, पण..."

"रफूचाच ना तो आकडा?"

"रफूचाच. जुना."

"मी गेले कित्येक दिवस त्यांचं तोंड बघतेय. मला वाटलं, विसरले. दारात उभ्या उभ्या विसरले मला." त्यांनी चष्मा वर करून पदराने डोळे टिपले. "त्यांना सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. लागलं म्हणालेत ना, मग लागलंय."

त्यांनी कोटाची बाही उलटी केली, आतल्या शिवणीतून एक धागा ओढला.

"किती म्हणालीस?"

"सातशे पंधरा."

"सातशे पंधरा," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि कोपर खिडकीच्या उजेडात धरलं.