पारोसा रुपया

शिरवळच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. तयार माल हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि ओरखडा दिसला की बाजूला टाकायचा. लोक माझ्यावर चिडायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. निवृत्त होऊन सांगलीला विश्रामबागेत घर केलं, तेव्हा बायकोला एकच धास्ती होती, की आता मी घरात पोळ्या तपासत बसणार. थोडे दिवस तपासल्याही. सुदैवानं आमच्याच गल्लीत जुनी नाणी जमवणारे एक निवृत्त प्राध्यापक निघाले आणि मी त्यांच्या गळ्यात पडलो.

सर माणूस भला, पण नाण्यांच्या बाबतीत भलते कडक. सुरुवातीचे काही रविवार त्यांनी मला नाण्याला हातच लावू दिला नाही. मग एकेक शिकवत गेले. खाली मऊ कापड अंथरायचं, नाणं कडेनं धरायचं, बोट चुकूनही त्याच्या तोंडावर टेकवायचं नाही. दिव्याखाली हळूहळू कलतं करत जायचं. टाकसाळीतून निघून कधी वापरातच न आलेल्या नाण्यावर उजेड गोल फिरतो. वापरलेल्या नाण्यावर तो उंचवट्यापाशी येऊन मरतो. इंग्रजांच्या काळच्या राजाछाप रुपयात आधी राजाची भुवई जाते, मग कान, मग मुकुटावरची नक्षी. कान शाबूत असला की सरांची कळी खुलायची. मी जन्मभर नव्या मालातली खोट शोधली होती. झिजलेल्या मालात काय शिल्लक आहे ते बघायची सवय व्हायला मला वेळ लागला, पण एकदा गोडी लागली तशी मी रविवारची वाट बघू लागलो.

एकदा त्यांनी पुढ्यात मांडलेल्या रुपयांतला सगळ्यात चकचकीत मी छाती पुढे काढून पहिल्या नंबराला लावला. सर पोटभर हसले. तो घासलेला होता. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं आणि भिंगाखाली धरलं की त्यावर बारीक रेघांचं जाळं दिसतं. आपल्याकडच्या जुन्या चांदीचं वाटोळं लक्ष्मीपूजनानं केलंय, असं ते म्हणाले. घरोघरी रुपया काढतात, चिंच लावतात आणि रांगोळीनं खसाखसा घासतात.

हे ऐकलं आणि मला कधी एकदा घरी जातो असं झालं. आमच्या देव्हाऱ्यात तसाच एक रुपया होता, माझ्या आईचा. आई जतकडची, मेंढरामागं जन्म काढलेल्या बापाची लेक. लग्नात बापानं तिच्या मुठीत तो राजाछाप रुपया दिला होता. माहेरची दुसरी कसलीही वस्तू तिच्यापाशी नाही. तीच तिची लक्ष्मी. दर दिवाळीला ती त्याला लहान पोराला न्हाऊ घालावं तशी आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायची आणि तांदळावर बसवायची.

तिला विचारून मी तो सरांकडे नेला. सरांनी बराच वेळ कलता करून पाहिला. भुवई केव्हाच गेली होती, पण कान अर्धा टिकून होता. आता तरी याला घासू नका, ते म्हणाले. चांदी हवेनं आपोआप काळवंडते, तिला तिचा रंग धरू द्या, मग बघा कसा देखणा होतो.

घरी येऊन मी हुकूम सोडला. आईनं एवढंच विचारलं, धुवायचासुद्धा नाही का? मी म्हणालो, नाही, आणि हळदकुंकूही नको. ती बरं म्हणाली. आमच्या घरात आई इतक्या लवकर कुणाला बरं म्हणत नाही, पण मी आपल्याच नादात होतो.

पुढं वर्षभर माझी चंगळ होती. रुपयाच्या कडेला आधी फिकट सोनेरी झाक आली, मग निळसर, आणि अर्धा कान त्या रंगात उठून दिसायला लागला. देव्हाऱ्यात कापसावर ठेवलेला तो रुपया उचलून मी भिंगातून बघत बसायचो. बायको म्हणाली, माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत. सरही चहाला येऊन पाहून गेले आणि खूश झाले.

दिवाळी आली. आईनं समई, ताम्हण, पंचपात्र सगळं घासून लखलखीत केलं. संध्याकाळी मी पूजेला बसायला आलो तर पाटावर तांदळात बायकोच्या पर्समधलं दहाचं नाणं. रुपया मागं देव्हाऱ्यात, कापसावर तसाच. मी आईला कारण विचारलं.

ती बायकोला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "पारोशी लक्ष्मी पाटावर कशी मांडू, बाबा? तुजा रंग धरतोय नव्हं, मग ऱ्हाऊ दे. मी रोज लांबनंच हात जोडती."

आपल्या बापाच्या रुपयाला ही बाई वर्षभर लांबून हात जोडत होती, आणि का, तर माझी हौस. मी रुपया उचलला आणि थेट मोरीपाशी गेलो. भांड्यांची चिंच वाटीत उरली होतीच. आईनं माझं मनगट धरलं. सर काय म्हणतील, म्हणाली. मी सांगितलं, सर म्हणतील वाटोळं केलं, आणि ते बरोबरच असेल.

मग मी घासायला लागलो. निळा रंग बघता बघता गेला. आपण काय पुसतोय ते मला नेमकं कळत होतं आणि तरी हात अडखळला नाही. कान आणखी जरासा बोथट झाला.

ओला रुपया मी आईच्या तळहातावर ठेवला. तिनं अंगठा सरळ राजाच्या तोंडावर दाबला, रुपया पदरानं खसाखसा पुसला आणि डोळ्यांजवळ धरला.

"आता वळखू आला," ती म्हणाली. "वरीसभर दुसऱ्या कुणाच्या बाचा वाटत हुता."

मग तिनं दहाचं नाणं बायकोला परत दिलं, रुपया तांदळावर बसवला आणि मला अगरबत्ती लावायला सांगितली.