बाबांच्या छातीतली धूळ

आमच्या घरात लिहिणं म्हणजे गावाला पत्र घालणं. त्यापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी कॉलेजात जाणारा घरातला पहिलाच, आणि तेही अजून अर्धवट शिकलेला. तेव्हा माझ्यासारख्यानं पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा. बाबांच्या आजाराबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलो आहे.

आम्ही काळाचौकीला चाळीत राहायचो. बाबा माझगावला गोदीत जायचे. दुरुस्तीला आलेल्या जहाजांत वाफेचे पाइप असतात, त्यांची उष्णता बाहेर पडू नये म्हणून त्यांच्यावर अॅस्बेस्टॉसचा थर चढवतात. गोणीतून ते कापसासारखं पांढरं बाहेर यायचं. पिंपात पाणी घालून हातानं कालवायचं आणि पाइपांवर लिंपायचं. ते सोपं काम. अवघड काम म्हणजे आधीचा वाळलेला थर हातोडीनं फोडून काढायचा. जहाजाच्या पोटात तेव्हा इतकी धूळ उडायची की माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची, असं बाबा सांगत.

संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असत. शेजारचे काका गॅलरीतून म्हणायचे, "इले मैद्याचे व्यापारी." बाबा हसायचे. आई त्यांचा सदरा कठड्यावर झटकायची आणि मगच धुवायला घ्यायची. त्या धुळीची भीती आम्हाला कुणाला नव्हती. सुटी होताना मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते आणि छाती साफ होते, असं सगळे मानायचे. बाबा तर तो खडा औषधासारखा डोळे मिटून चघळायचे.

पुढे त्यांना जिना चढवेना. मधल्या वळणावर ते कुणाशी तरी बोलत उभे राहायचे. गप्पा मारताहेत असं आम्हाला वाटायचं. खरं तर ते दम खात असत. गल्लीतल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि चाळीतल्या बायांनी आमच्या दारासमोर खेळणारी आपली मुलं घरात ओढून घ्यायला सुरुवात केली. मग परळच्या मोठ्या इस्पितळात छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि बाबांना काम काय ते विचारलं.

बाहेर बोलावून त्यांनी मला जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे तंतू असतात. ते फुप्फुसात रुततात, खोकून बाहेर पडत नाहीत, आणि त्यांच्याभोवती फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं. त्यावर औषध नाही. मी गुळाचं विचारलं. ते रागावले नाहीत. गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते, एवढंच म्हणाले. आणि काम बंद करून वकिलाकडे जा, असंही म्हणाले.

वकील गिरगावात राहायचे. कामगारांचे खटले लढवायचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. त्यांच्या खोलीत कायद्याच्या पुस्तकांवर मोर्च्याचे फलक रचलेले होते. कामामुळे आजार झाला तर कामगाराला भरपाई मागता येते, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. पण कंपनी म्हणणार, हा क्षयच आहे. म्हणून डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी व्हायला हवी. बाबांचं दुखणं एकदा मान्य झालं, तर त्यांच्याबरोबर थर फोडणाऱ्या बाकीच्यांनाही दाद मागता येईल.

"तपासणी होईपर्यंत त्यांना मुंबईबाहेर पाठवू नकोस," ते म्हणाले. "जिवंत माणूस हाच आपला पुरावा."

तपासणीची तारीख ठरायच्या आधीच वकीलसाहेब सत्याग्रहात पकडले गेले. मी दर आठवड्याला गिरगावात जायचो आणि बंद दार बघून परत यायचो. बाबा म्हणायचे, "वकील तुरुंगात आणि अशील अंथरुणात. बरी जोडी जमली."

आमच्या कोकणी माणसांची एक रीत आहे. मुंबईत आजारी पडलेल्या माणसाला गावाला पाठवायचं. मुंबईचं दुखणं मुंबईत टाकायचं, गावची हवा लागली, घरचं पाणी पोटात गेलं की माणूस उठतो. गावच्या माणसांनी मुंबईत मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीवर वडीलधारी मंडळी जमली आणि तसंच ठरलं. मी वकिलांचा शब्द सांगितला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ही दुखणी हवेनं जात नाहीत, हेही सांगितलं. कॉलेजात गेल्यापासून याला गावची हवा वाईट वाटायला लागली, असं एक आजोबा म्हणाले आणि सगळे हसले. आईलाही तिथेच जायचं होतं.

शेवटी मी बाबांनाच विनवलं. ते भिंतीला उशी लावून बसले होते. आडवं झालं की त्यांना श्वास मिळत नसे.

"झिला," ते म्हणाले, "माका एकदा अंगणात बसाचा आसा. वकिलाक सांग, पुराव्याकव श्वास लागता."

मी बोटीची तिकिटं काढायला गेलो.

भाऊच्या धक्क्यावरून आई-बाबा बोटीनं गेले. फळीवरून चढताना बाबा मध्येच थांबले तेव्हा मागची माणसं ओरडली. मग कुणीतरी त्यांना चक्क उचलून वर घेतलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी वकीलसाहेब सुटले. त्यांनी लगेच तपासणीची तारीख मिळवली. बाबा गावाला गेल्याचं कळल्यावर त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि काही बरंवाईट झालंच तर अग्नी देण्याआधी छाती तपासून घ्यायला हवी, एवढंच म्हणाले. मी त्याच दिवशी गावाला तार केली. तिकडून उलट तार आली की बाबा यायला तयार आहेत, शनिवारी मुंबईला पोचणाऱ्या बोटीत बसवून देतो.

शनिवारी मी धक्क्यावर लवकरच जाऊन उभा राहिलो. इस्पितळापर्यंत न्यायला टॅक्सी ठरवून ठेवली होती. बोट लागली, माणसं उतरली, टोपल्या उतरल्या. बाबा दिसले नाहीत. आमच्या वाडीतले एक काका तेवढे गर्दीतून माझ्याकडे आले. त्यांनी माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं.

बाबा गुरुवारी पहाटे गेले होते; तारेनं कळवण्यापेक्षा समोर येऊन सांगावं म्हणून काका आले होते. कपड्यांचं गाठोडं बांधून तयार होतं, असं काका म्हणाले. अंगणातच होते, आई जवळ होती, फार त्रास झाला नाही.

अग्नी कधी दिला, मी विचारलं.

माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून ते पाठीवर हात फिरवत म्हणाले, "दुपारच्या आत सगळा उरकला रे. तुझी वाट बघीत ठेवूक नाय तेंका."